उकळलेले खडे

सिस्टरनं माशांच्या टाकीतले खडे मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवले, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून पलंगावर हात आपटल्याचा आवाज आला. धप, धप, आणि मागोमाग घशातून ओढून काढल्यासारखं एक "अं".

"आले हो, आले," म्हणत ती हात पुसत बाहेर आली. पलंगाखालचं लघवीचं भांडं काढलं, पांघरूण बाजूला केलं. नवऱ्यानं डाव्या हातानं भांडं ढकलून दिलं आणि बोट स्वयंपाकघराकडे केलं.

"चहा? आत्ता तर झाला."

"अं."

"मग काय, भूक लागली? जरा दम धरा. तुमच्या माशांचीच सेवा चाललीय. आज सगळं असं लख्ख करते की बघत राहाल."

त्यानं पुन्हा हात आपटला. तिनं त्याची उशी नीट केली, गालावरचा लाळेचा ओघळ टिपला आणि ती आत निघून गेली. पातेल्यातलं पाणी खळखळत होतं. तिला फार बरं वाटलं.

सिस्टर म्हणजे खरोखरची सिस्टर. उभा जन्म मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेला. सर्जननं हात पुढे केला की तोंडातून शब्द निघायच्या आत हवं ते हत्यार त्या हातात ठेवायचं, हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सर्जनच्या तोंडाला मास्क, डोळे जखमेवर, बोलणार कोण? ही नुसत्या बोटांवरून ओळखायची. कात्री, चिमटा, दोरा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्ली तिला सिस्टरच म्हणे. आणि स्वच्छतेचं म्हणाल तर विचारूच नका. तिच्या घरी आलेला पाहुणा आधी हात धुवायचा आणि मग बोलायला तोंड उघडायचा.

नवरा काचवाला. खिडक्यांच्या काचा कापायच्या, आरशांच्या कडा घासायच्या, हा त्याचा धंदा. माणूस मोठा थट्टेखोर. दुकानातल्या जाड काचेचे तुकडे जोडून त्यानं घरी टाकी केली होती आणि तिच्यात दोन गोल्डफिश पाळले होते. एक गोल गरगरीत, पोट पुढे काढून मिरवणारा, त्याचं नाव शेठ. दुसरा सडपातळ, शेपटी सावरत शेठच्या मागे मागे फिरणारा, तो कारकून. दुकान बंद केल्यावर काचवाल्याचा सगळा जीव त्या दोघांत.

अधूनमधून तो टाकी साफ करायला बसे, आणि घरात हमखास भांडण होई. कारण त्याची रीतच तशी. नळीनं टाकीतलं थोडं पाणी बादलीत काढायचं. पाणी गाळणाऱ्या पंपातला स्पंज त्याच गढूळ पाण्यात एकदा-दोनदा पिळायचा आणि तसाच तपकिरी, बुळबुळीत परत बसवायचा. बाल्कनीतल्या पिंपात भरून ठेवलेलं शिळं पाणी वर ओतायचं. झालं.

"ही काय धुण्याची रीत?" सिस्टर म्हणायची. "ज्या पाण्यात घाण, त्याच पाण्यात धुणं. माझ्या थिएटरात असं केलं असतं, तर पेशंट टेबलावरून उठून पळाला असता."

"तुझ्या थिएटरात पेशंट बेशुद्ध असतो म्हणून तुझं चालतं," काचवाला म्हणायचा. "माझे पेशंट जागे आहेत."

यापुढे ना त्यानं कधी कारण सांगितलं, ना तिनं विचारलं. नवरा-बायकोची जुनी भांडणं अशीच असतात. ती मिटवायची कुणालाच घाई नसते.

मग काचवाल्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत. बोललेलं सगळं कळायचं, बोलायचं म्हटलं की नुसतं "अं". सिस्टरनं पलंग बाहेरच्या खोलीत, टाकीसमोर आणून टाकला आणि कंबर कसली. दोन महिने झाले, त्याच्या पाठीला साधी लाली आली नव्हती. लेक परगावाहून फोन करायची, "आई, एखादी बाई ठेव गं मदतीला." त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "बाई ठेवली तर आधी तिला शिकवावं लागेल. त्यापेक्षा मी बरी."

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ मुलगी यायची. पोरगी हुशार होती. काचवाला माशांकडे टक लावून असतो हे तिनं पहिल्याच आठवड्यात हेरलं. "चला काका, शेठना भेटून येऊ," म्हणायची आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरून पलंगापासून टाकीपर्यंत न्यायची. चार पावलांचं अंतर, पण घामाघूम होऊन तो ते चालायचा. काचेपाशी पोचला की शेठ तोंड उघडत-मिटत समोर येई. काचवाल्याचा अर्धा चेहरा हसायचा.

एवढं सगळं मार्गी लागल्यावर सिस्टरची नजर टाकीकडे वळली. नवरा पडून, आता टाकी तिच्या ताब्यात. इतक्या वर्षांची हौस. तिनं मासे बादलीत काढले, काचा आतून-बाहेरून घासल्या, खडे उकळले, स्पंज पांढरा होईपर्यंत नळाखाली धुतला आणि मग तोही उकळला. बाल्कनीतलं पिंप, डासांचं माहेरघर, घासून पालथं घातलं. टाकीत नळाचं ताजं पाणी भरलं, मासे आत सोडले. पाणी इतकं नितळ की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं.

"बघा," ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "आहे कुठं एक कण?"

काचवाला हात आपटत राहिला. तिनं पुन्हा भांडं पुढे केलं.

पहिल्या दिवशी काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघंही मासे वर येऊन पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळायला लागले. कारकुनाच्या शेपटीत लाल रेषा दिसायला लागल्या. लाली म्हणजे संसर्ग, असं सिस्टरच्या हाडात भिनलेलं. संसर्ग म्हणजे कुठंतरी घाण राहिली. मग काय, पुन्हा मासे बादलीत, पुन्हा खडे पातेल्यात, पुन्हा स्पंज उकळत्या पाण्यात, पुन्हा ताजं पाणी. त्या दोन जिवांच्या ती अगदी हात धुवून मागे लागली. पलंगावरून धपाधप आवाज येत होता. "कळतंय हो मला, काळजी वाटते तुम्हाला," ती आतून ओरडून सांगत होती. "मी आहे ना."

सकाळी कारकून आडवा तरंगत होता. तिच्या आधी काचवाल्यानं पाहिलं होतं, पण या वेळी त्यानं हात आपटला नव्हता. तिनं वाटीनं मासा उचलला, बाल्कनीतल्या कुंडीत पुरला, हात धुतले आणि आत आली, तर नवऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलेलं.

"अहो," ती म्हणाली. "वय झालं होतं त्याचं."

तो वळला नाही. जेवायला वळला नाही. फिजिओ मुलगी आली, "काका, शेठ वाट बघतायत," म्हणाली, तरी नाही. तिनं खांद्याला हात लावला तर त्यानं डावा पाय पलंगाच्या कडेला अडकवून अंग घट्ट धरलं. मुलीनं हात काढून घेतला आणि ती सिस्टरला दाराशी घेऊन गेली.

"काय झालं एकाएकी? इतकं छान चाललं होतं."

"मासा मेला एक."

"सिस्टर, तुम्हाला मी काय सांगणार," ती हळू आवाजात म्हणाली. "पण हेच महिने कामाचे असतात. आत्ता सुटलं तर शरीर आहे तिथंच थांबतं. मनावर घेणं त्यांच्याच हातात आहे."

सिस्टरला हे ठाऊक होतं. असे पेशंट तिनं पाहिले होते. जखम भरलेली, ताप उतरलेला, आणि माणूस भिंतीकडे बघत संपून गेलेला. तिनं दार लावलं आणि टाकीकडे पाहिलं. शेठ वर तोंड करून हवा गिळत होता, त्याचे पंख अंगाला चिकटलेले. शेठ गेला तर हा माणूस पुन्हा उठत नाही, हे तिला स्वच्छ कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला पुढे काय करायचं ते सुचेना.

ती खुर्ची ओढून बसली. फडक्याकडे जाणारा हात तिनं मांडीवर ठेवून दिला आणि निमूट विचार केला. हा माणूस गबाळा होता का? दुकानातल्या काचेवर बोट उमटलं तर गिऱ्हाइकाच्या अंगावर जायचा. मग टाकीच्या बाबतीतच त्याला आळस कसा येईल? पाच पावलांवर नळ असताना तो गढूळ पाण्यात स्पंज पिळत होता. म्हणजे मुद्दाम पिळत होता. आणि परवापासून हात आपटतोय तो काय भांड्यासाठी? माणसांचे हात वाचण्यात जन्म गेला आणि घरातला हात आपल्याला वाचता आला नाही. तिची तिलाच लाज वाटली. खरं म्हणजे तिनं त्या हाताकडे नीट पाहिलंच नव्हतं.

ती उठली. पलंगाच्या चाकांचे चाप सोडले आणि अख्खा पलंगच फिरवला, भिंत पाठीमागे गेली आणि काचवाला टाकीसमोर आला.

"रागवा माझ्यावर," ती म्हणाली. "हवं तेवढं रागवा. पण शेठ अजून जिवंत आहे. काय करू ते सांगा."

त्यानं डोळे मिटले. तिनं मिठाचा डबा आणून त्याच्यासमोर धरला. "हे घालू?" डोळे किलकिले झाले. बोट आडवं हललं, नाही. तिनं नळ दाखवला. बोट जोरात हललं. स्पंज दाखवला. तिच्या हातातला तो पांढराशुभ्र स्पंज पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हा बिघडला? धुतला म्हणून बिघडला?"

"अं."

"मग आता?"

काचवाल्यानं डावा हात उचलला, दोन बोटं लांब केली आणि उघडली, मिटली. हे तर सिस्टरच्या रोजच्या ओळखीचं. ती धावत आत गेली आणि कात्री आणून त्याच्या तळहातावर ठेवली, थिएटरात ठेवायची तशी, मुठीची बाजू त्याच्याकडे करून.

काचवाल्यानं कात्रीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. अर्धा चेहरा हसू की रडू अशा बेतात आला. कात्री पांघरुणावर टाकून त्यानं पुन्हा बोटं उघडमीट केली आणि मग खिडकीबाहेर बोट दाखवलं, रस्त्याच्या पलीकडे.

पलीकडे शिंप्याचं दुकान होतं.

शिंपीमास्तर काचवाल्याचा दोस्त. काचवाल्यानंच त्याला एक लहान टाकी करून दिली होती, ती दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांच्या वर ठेवलेली असे. काचेवर हिरवट शेवाळ, तळाशी गाळ. एरवी त्या टाकीकडे पाहून सिस्टरच्या अंगावर काटा यायचा. ब्लाउज शिवायला टाकतानासुद्धा ती नजर चुकवायची.

"या सिस्टर," मास्तर शिलाईयंत्र थांबवून उठला आणि सवयीनं हात पुसायला लागला. "दादा कसे आहेत?"

"मास्तर, तुमच्या टाकीतली घाण द्या मला थोडी."

मास्तर तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. गिऱ्हाइकाच्या बाकावर बसलेल्या बाईनंही मान वर केली.

"काय द्या म्हणालात?"

"घाण. स्पंजातली. काय म्हणत असाल ते. मी आमचा स्पंज धुतला."

"नळाखाली?"

"आणि उकळला."

मास्तरनं जीभ चावली. सिस्टरच्या वयाचा, हुद्द्याचा मान ठेवूनही गालातलं हसू त्याला लपवता येईना. "दादांनी मला टाकी दिली तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. म्हणाले, मळाला नळ दाखवायचा नाही. का, ते त्यांनी सांगितलं आणि मी विसरलो. पण पाळत आलोय."

सिस्टर त्या हिरव्या टाकीसमोर उभी राहिली. तीन मासे गाळ हुंगत मजेत फिरत होते, पंख ताठ, अंगावर तकाकी. आणि तिला उलगडलं. मासा ज्या पाण्यात राहतो त्यातच शू करतो. ती कोणी निस्तरत असेल म्हणून तर पाणी विषारी होत नाही. माणसाच्या आतड्यात नसतात का भले जंतू, जे औषधांनी मेले की पोट बिघडतं? इथे ते स्पंजात राहत होते. खड्यांवर राहत होते. आणि तिनं त्यांना पातेल्यात घालून, वर झाकण ठेवून, एकूण एक मारलं होतं. वर नळाचं ताजं पाणी, म्हणजे जंतू मारायचं क्लोरीन; पिंपातल्या शिळ्या पाण्यातून ते उडून तरी जायचं. सारा जन्म जंतू मारण्यात गेलेली बाई, तिला मारायला आणखी थोडे मिळाले एवढंच. ती मोठ्यानं म्हणाली, "अती तिथं माती, मास्तर."

"तुम्ही बसा, मी कापतो," मास्तर म्हणाला. त्यानं पंप बंद केला, कापड कापायच्या कात्रीनं आपल्या स्पंजाचा अर्धा तुकडा कापला आणि टाकीच्याच पाण्यात बुडवून तिच्यापुढे धरला. तपकिरी, बुळबुळीत, वास येणारा. सिस्टरनं घरून आणलेला डबा पुढे केला. तुकडा कडेवर लटकला, तेव्हा तिनं तो उघड्या हातानं आत ढकलला. मास्तरनं हे पाहिलं आणि यावेळी तो हसला नाही.

"पाणी आहे का हो तुमच्याकडे? भरून ठेवलेलं? आमचं पिंप मी ओतून टाकलं."

"शिळं ना? हवं तेवढं न्या." त्यानं दुकानाचं अर्धं शटर ओढलं, गिऱ्हाईक बाईला "आलोच" म्हणाला, आणि दोघांनी दोन बाजूंनी बादली धरून रस्ता ओलांडला. एका हातात घाणीचा डबा, दुसऱ्या हातात शिळ्या पाण्याची बादली, आणि चेहरा मात्र ऑपरेशनला निघाल्याचा. गल्लीत ज्यानं ज्यानं सिस्टरला तसं पाहिलं, तो जागच्या जागी थांबला.

पुढचं सगळं काचवाल्याच्या हातानं चाललं. म्हणजे हात त्याचा, काम तिचं. तो तळवा खाली दाबायचा, ती नळीनं पाणी काढायची. तो तळवा उभा करायचा, ती थांबायची. मास्तरचा तुकडा पंपात बसला, तिचा पांढरा स्पंज त्याला चिकटून. मास्तरचं पाणी तिनं हळूहळू, काठाकाठानं आत सोडलं. खाण्याची डबी उचलली तर बोट आडवं हललं. "उपाशी ठेवू?" "अं." आजारी माणसाला बळंच भरवू नये, हे तिला शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं पाणी, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पिंप बाल्कनीत सुलटं झालं, भरलं, वर जाळी आली. टाकी घासायला तिचे हात शिवशिवायचे. मग ती खिडकीच्या काचा पुसायची, त्या आधीच स्वच्छ असल्या तरी.

शेठ आधी पाण्याच्या वरच्या थरातून खाली आला. मग दोन दिवस तळाशी बसून राहिला. मग एका दुपारी त्यानं तोंडात खडा घेतला, चघळला आणि थुंकला. काचवाल्याच्या घशातून आवाज निघाला, तेव्हा ती भाजी चिरता चिरता सुरी हातात घेऊनच धावत आली. शेठ पोट पुढे काढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मिरवत होता. पंख उघडले होते. पाणी किंचित पिवळसर दिसत होतं आणि खड्यांवर पुसटसा थर धरत होता.

तिनं सुरी खाली ठेवली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"कारकून म्हातारा होऊन नाही गेला," ती म्हणाली. "मी मारला त्याला. तुम्ही सांगत होतात आणि मी तुमच्यापुढे भांडं धरत होते."

काचवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याला हे माहीत होतंच, पण तिच्या तोंडून आलं याचं बहुधा त्याला नवल वाटलं असावं. त्यानं डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला आणि दोनदा थोपटलं. सिस्टरला रडू आलं. थिएटरात आणि झटका आल्याच्या दिवशीही न आलेलं ते रडू तिनं खुशाल येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी फिजिओ मुलगी आली तर काचवाला पाय खाली सोडून तयार. मुलीनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस, त्यांना धर." तो टाकीपर्यंत गेला आणि परत आला. त्या आठवड्यात तो रोज गेला. मुलगी एक हात सोडायला लागली, मग दोन्ही हात नुसते जवळ धरायला लागली. एकट्यानं मात्र उठायचं नाही, असं सिस्टरनं त्याला बजावून ठेवलं होतं.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात होती. बाहेर पलंग करकरला. हात आपटल्याचा आवाज आला नाही, "अं" आला नाही. ती दारात आली.

काचवाला उभा होता. एकटा. टाकीच्या टेबलावर डावा हात रोवून, तिच्याकडे पाठ करून. पायजम्याच्या आत पोटऱ्या थरथरत होत्या, उजवा पाय किंचित वाकडा पडला होता. पडला तर खुबा मोडेल, हे तिच्या डोळ्यांना आधी दिसलं. ती एक पाऊल पुढे गेलीही.

शेठ काचेपाशी आला. काचवाला त्याच्याकडे बघून खाली वाकला, पुन्हा ताठ झाला. मग हात टेबलाच्या कडेवरून सरकवत तो आणखी एक पाऊल पुढे गेला, पंपामागच्या कोपऱ्यापाशी, जिथं कारकून झोपायचा. तिथं आता काहीच नव्हतं. त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत तो उभा राहिला, मान खाली घालून, आपल्या पायांवर.

सिस्टरनं पुढे टाकलेलं पाऊल आवाज न करता मागे घेतलं. ती स्वयंपाकघरात गेली, घासून मांडणीवर लावलेली भांडी एकेक करून खाली काढली आणि आपलं तिकडे लक्ष नाही असं त्याला वाटावं म्हणून मोठ्यानं आपटत पुन्हा घासायला लागली.